ओआरएसची एक लिटरची पुडी थोडी थोडी ग्लासात टाकून दिली तर नेमकं काय बिघडतं?

सिडकोची_आई (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी, नाशिक सिडकोतून लिहितेय. मुलगा अडीच वर्षांचा, वजन साडेअकरा किलो. शनिवारी मखमलाबाद रोडला एका लॉन्सवर लग्न होतं, तिथे जेवलो, तिथलंच जारचं पाणी प्यायलो आणि रविवारी पहाटेपासून याला जुलाब सुरू झाले, अगदी पाण्यासारखे, दिवसात आठ-नऊ वेळा, मधून उलटी पण. घरातल्या बाकी कुणाला काही नाही. रविवारी दवाखाना बंद म्हणून मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं तर त्यांनी सफरचंदाच्या फ्लेवरचं टेट्रापॅक दिलं, यानं आवडीनं दोन पाकिटं संपवली आणि त्यानंतर जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढलेच. मग संध्याकाळी दुसरीकडून पावडरची पुडी आणली.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे बघितले, जीभ बघितली, म्हणाले पाणी थोडं कमी झालंय पण घाबरू नका, ओआरएस आणि झिंक द्या. मग विचारलं ओआरएस कसं करताय. मी सांगितलं की पुडीला क्लिप लावून ठेवलीय, लागेल तसा एक चमचा अर्ध्या ग्लासात टाकते, एक लिटर केलं तर तो पिणार नाही आणि वाया जाईल म्हणून. डॉक्टर एकदम चिडलेच. म्हणाले असं अजिबात करायचं नाही, अख्खी पुडी मोजून एक लिटर पाण्यात. बाहेर इतकी गर्दी होती की का ते विचारायची हिंमतच झाली नाही.

आता घरी सासूबाई म्हणतात साखरेनं जुलाब वाढतात, नुसतं मिठाचं पाणी दे. शेजारच्या काकू म्हणतात दोन दिवस झाले, सलाईन लावून मोकळी हो. मिस्टर अंबडला नाईट शिफ्टला आहेत. मला फक्त काय करायचं ते नको, का करायचं ते कुणीतरी नीट समजावून सांगा, म्हणजे घरात सांगता येईल. साखर चवीसाठीच असते ना त्यात?

पंचवटीच्या_सिस्टर (रात्री ११:२२)

ताई, तीस वर्षं वॉर्डात काढलीत, आता रिटायर आहे. का ते इथले जाणकार सांगतीलच, मी आधी विचारते ते सांगा. शेवटची लघवी कधी केली? रडताना डोळ्यात पाणी येतंय का? तुमच्याकडे बघून हसतो, खेळणं मागतो का नुसता पडून आहे? शौचात रक्त दिसलं का? सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, उठवलं तरी मान टाकतोय, दिलेलं सगळं उलटून पडतंय, किंवा शौचात रक्त, यातलं एक जरी असेल तर उत्तराची वाट बघू नका, रात्र आहे वगैरे विचार करू नका, रिक्षा करा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा.

सिडकोची_आई (रात्री ११:२९)

साडेनऊला लघवी केलीय सिस्टर, थोडी पिवळी होती. रडताना पाणी येतंय. आत्ता झोपलाय पण झोपायच्या आधी मोबाईल मागत होता. रक्त नाही.

पंचवटीच्या_सिस्टर (रात्री ११:३३)

मग ठीक आहे. आत्ताच उठा, उरलेली उघडी पुडी टाकून द्या आणि नवीन पुडी एक लिटरमध्ये करून झाकून ठेवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पण पावडर टाकल्यावर परत उकळायचं नाही. केलेलं २४ तास चालतं, नंतर ओतून द्यायचं. वाया गेलं तर जाऊ दे, पुडी वीस-पंचवीस रुपयांची आहे. प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक फुलपात्र द्यायचं, म्हणजे १०० ते २०० मिली. दोन वर्षांच्या आतलं मूल असतं तर याच्या निम्मं.

जेलरोडच्या_टीचर (रात्री ११:५८)

ताई तुम्ही "का" विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय, अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते आणि हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, साखर चवीसाठी नसते. जुलाबात साखर नसेल तर मीठ नीट आत जात नाही, आणि मीठ आत गेलं नाही तर पाणी जात नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे, पण ती नीट कळायला आतड्यात काय चालतं ते बघायला हवं.

आपण दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं धरा. पण लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं धरून मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत ओढून घेतं, शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिली जातं. म्हणजे जुलाब म्हणजे काही शरीरात कुठून तरी जास्तीचं पाणी आलेलं नसतं. रोजचंच पाणी परत ओढून घ्यायचं काम बिघडलेलं असतं, किंवा आतड्याच्या पेशी उलट बाहेर पाणी सोडायला लागलेल्या असतात.

आता पाणी आत ओढायला शरीराकडे पंप नाही. पाणी स्वतःहून कुठे जात नाही, ते मिठाच्या आणि साखरेच्या मागे जातं. हे तुम्ही रोज स्वयंपाकघरात बघता. कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावून ठेवली की पाच मिनिटांत वाटीत पाणी सुटतं, बरोबर? आणि उलटं बघायचं तर मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगलेल्या असतात. दोन्हीकडे एकच नियम, ज्या बाजूला मीठ-साखर दाट त्या बाजूला पाणी जातं.

म्हणजे आतड्यातून रक्तात पाणी न्यायचं असेल तर आधी मीठ, म्हणजे त्यातलं सोडियम, आतड्याच्या पेशीतून पलीकडे न्यायला हवं. त्यासाठी पेशीवर वेगवेगळी दारं आहेत. जुलाबात त्यातली बरीचशी बंद पडतात, म्हणून नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते तसंच खाली वाहून जातं. सासूबाईंना हे नक्की सांगा. पण एक दार असं आहे की जे कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबात सुद्धा चालू राहतं. त्याला एसजीएलटी-१ म्हणतात. या दाराची अट एकच, एकट्याला प्रवेश नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण जोडीनं आले तरच ते उघडतं. जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत ही कल्पना पहिल्यांदा मांडली, तेव्हा त्याच्या डोक्यात जुलाब नव्हतेच, साखर आतड्यातून रक्तात कशी शिरते एवढंच तो शोधत होता.

आता तुमच्या चमच्याचा प्रश्न. आजच्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. हे आकडे अंदाजानं ठरलेले नाहीत. यात सोडियमचे आणि ग्लुकोजचे कण बरोबर सारख्या संख्येनं येतात आणि एकूण द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ राहतं, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. २००२ च्या आधी हे मिश्रण जरा दाट होतं, मग डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, ते पातळ केलं कारण पातळ दिल्यावर जुलाबाचं प्रमाण आणि उलट्या कमी होतात असं दिसलं.

तुम्ही अर्ध्या ग्लासात एक चमचा टाकत होतात. चमचा थोडा भरून आला की तेच मिश्रण दुप्पट दाट. म्हणजे ते रक्तापेक्षा दाट झालं, आणि मग काकडीसारखं होणार, पाणी रक्तातून आतड्यात सुटणार. ज्याच्यासाठी देतोय त्याच्या नेमकं उलट. आणि वर रक्तात मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या मेंदूला त्रास होतो, गुंगी येते, झटके येऊ शकतात. डॉक्टर त्यामुळे चिडले असतील, तुमच्यावर नाही. शिवाय पुडीतले दाणे वेगवेगळे असतात, प्रत्येक चमच्यात मीठ आणि ग्लुकोज त्याच मापात येईल याचा काही भरवसा नाही, आणि उघडी पुडी या दिवसात हवा लागून ओलसर होते ते वेगळंच.

टेट्रापॅकचं पण हेच. पाकिटावर बारीक अक्षरात बघा, अशा फळांच्या ड्रिंकमध्ये १०० मिलीला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते बऱ्याचदा. म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम, ओआरएसच्या सातपट, आणि सोडियम अगदी थोडं. जोडीला सोडियमच नाही तर उरलेली साखर आतड्यात बसून पाणी ओढणार. बाळानं दोन पाकिटं प्यायल्यावर जुलाब का वाढले त्याचं एक कारण हे असू शकतं. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली, त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कितीतरी वर्षं एकटीनं पाठपुरावा केला. तरी पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं बघूनच घ्या.

सिडकोची_आई (मंगळवार, रात्री १२:२०)

टीचर, काकडीचं वाचून अंगावर काटा आला खरंच. आत्ता पुडी करायला घेतली तर लक्षात आलं की मी ज्या स्टीलच्या तांब्याला एक लिटरचा समजत होते त्यात पाण्याची एक लिटरची बाटली ओतून बघितली तर बाटलीत बरंच पाणी उरलं. म्हणजे तांब्या पाऊण लिटरचाच आहे! काल पूर्ण पुडी केली असती तरी चुकलंच असतं. आता बाटलीनं मोजून पातेल्यात केलंय. चव घेतली, अश्रूंसारखी लागते, काल खूप खारट होती.

पण दिल्यावर उलटी करतो त्याचं काय करू? आणि जुलाब तर ओआरएस देऊनही होतातच, म्हणून सगळे म्हणतात की याचा उपयोग नाही.

पंचवटीच्या_सिस्टर (रात्री १२:३१)

तांब्या मोजलात हे फार चांगलं केलंत. चव अश्रूपेक्षा खारट लागली की समजायचं मापात चूक आहे.

उलटी झाली की दहा मिनिटं काही देऊ नका. मग चमच्यानं, एक चमचा, मिनिट-दोन मिनिटं थांबून पुढचा. तहान लागलेलं मूल ग्लास ओढून गटागटा पितं आणि पोट ताणलं की उलटून टाकतं, म्हणून ग्लास हातात द्यायचाच नाही. चमच्यानं द्यायला अर्धा-पाऊण तास जातो, हात दुखतो, पण पोटात राहतं. वॉर्डात मी आयांना शेजारी बसवून हेच करून घ्यायचे आणि सलाईनसाठी आणलेली कितीतरी मुलं सलाईन न लावता घरी जायची.

आणि ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून टाका. ते जुलाब थांबवायचं औषध नाहीच. गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचं काम त्याचं. जुलाब त्याच्या वेळेनं थांबतात. तोपर्यंत मूल सुकू द्यायचं नाही. जुलाब बंद करायच्या गोळ्या लहान मुलांना आपल्या मनानं अजिबात देऊ नका, आतडं सुस्त पडतं आणि घाण आतच साठते.

जेलरोडच्या_टीचर (रात्री १२:४४)

सिस्टरांच्या बोलण्याला जोडून. जुलाब त्याच्या वेळेनं थांबतात म्हणजे काय, तर आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यावरच्या पेशी दर तीन-पाच दिवसांनी नव्या येतात. रोटाव्हायरस सारखा विषाणू नेमक्या त्या टोकाच्या पेशी मारतो. खालून नव्या पेशी वर यायला तेवढे दिवस लागतातच. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही, म्हणून बहुतेक साध्या जुलाबात डॉक्टर ते देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. झिंकनं या नव्या पेशी तयार व्हायला मदत होते, म्हणून जुलाब थांबले तरी सांगितलेत तितके दिवस, साधारण १४ दिवस, पूर्ण द्या. मधेच बंद करू नका.

अजून एक हिशोब. साडेअकरा किलोच्या मुलाचं पाच टक्के वजन पाण्यात गेलं म्हणजे साधारण पावणेसहाशे मिली. आपल्यासाठी ते तीन फुलपात्री, काहीच नाही. त्याच्यासाठी तेवढ्यानं डोळे खोल जातात, चिडचिड सुरू होते. दहा टक्के गेलं, म्हणजे सव्वा लिटरच्या जवळ, तर जिवावर बेततं. म्हणून लहान मुलांत वाट बघायची नाही.

सलाईनबद्दल काकूंना सांगा की सलाईनमध्ये पण पाणी आणि मीठच असतं, फक्त ते थेट शिरेत जातं. मूल पिऊ शकत नसेल, शुद्धीत नसेल, उलट्या थांबतच नसतील तेव्हा तेच लागतं आणि तेव्हा ते जीव वाचवतं. पण पिऊ शकणाऱ्या मुलाला सुई टोचून मिळेल तेच तोंडावाटे मिळतं. १९७१ च्या युद्धाच्या वेळी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला होता. बंगालमध्ये बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस होते, सलाईनच्या बाटल्या संपल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांत भरला आणि नातेवाईकांच्या हातानं पाजायला लावला. जिथे शंभरात तीस दगावत होते तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे कुणी नर्स नव्हते, रुग्णांच्या आया-बहिणीच होत्या. २०२२ मध्ये डॉक्टर गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मी दरवर्षी वर्गात हे सांगते आणि दरवर्षी सांगताना गळा दाटून येतो.

बागाईतदार_दिंडोरी (सकाळी ७:०५)

सगळं वाचलं, खूप उपयोगाचं आहे. आमची द्राक्षाची बाग आहे, एप्रिल छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, उन्हात दिवसभर काम. गेल्या वर्षी एका मजुराच्या पायात गोळे यायला लागले, डोकं धरलं, पाणी तर तो भरपूर पीत होता थंडगार जारचं, तरी. तेव्हा माझ्या आईनं मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि तासाभरात बरा झाला. हे त्याच दाराचं काम का? आणि पुडी नसेल तर घरी करायचं माप काय, आमच्याकडे गावात रात्री मेडिकल उघडं नसतं.

पंचवटीच्या_सिस्टर (सकाळी ७:४०)

दादा, हो, तेच. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, तो नुसतं पाणी भरत होता. माप असं: एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा लहान, आणि सपाट म्हणजे बोटानं वरून फिरवून काढलेला, ढीग नाही. मिठाच्या मापात चूक झालेली चालत नाही, शंका आली तर मीठ कमी घाला, जास्त नको. यात पोटॅशियम नसतं म्हणून पुडी मिळाली की पुडीच. मुकादमाकडे चार पुड्या आणि एक लिटरची रिकामी बाटली ठेवून द्या. रोजच्या उन्हासाठी मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, पन्हं पुरतं. पण माणूस तापलेला असेल आणि असंबद्ध बोलायला लागला तर तोंडात काही ओतू नका, सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि गाडीत घालून दवाखान्यात न्या.

जेलरोडच्या_टीचर (सकाळी ८:१०)

घरच्या मापात साखर पुडीतल्या ग्लुकोजच्या साधारण दुप्पट दिसते त्याचं कारण सांगते. आपली साखर आतड्यात फुटते तेव्हा निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज होतं, त्या दाराला चालतं ते फक्त ग्लुकोज.

नाशिकरोडकर (सकाळी ९:२५)

मधेच विचारतो. वडील ६८, शुगर आहे, जुलाब झाले की ओआरएसला हात लावत नाहीत, साखर वाढेल म्हणून. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत.

जेलरोडच्या_टीचर (सकाळी १०:०२)

दादा, एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एका ग्लासात तीन ग्रॅमच्याही आत, चहात घालतो त्या चमचाभर साखरेपेक्षा कमी. शरीर सुकलं तर शुगर त्याहून जास्त बिघडते. जुलाब असताना त्यांना द्यायला हवं, ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवायचं. पण एक गोष्ट महत्त्वाची. ते डापाग्लिफ्लोझिन आहे ना, ते आपल्या त्या दाराच्या सख्ख्या भावावर काम करतं. मूत्रपिंडात एसजीएलटी-२ असतं, त्याला हे औषध बंद करतं, म्हणून साखर लघवीवाटे जाते आणि सोबत पाणीही जातं. जुलाब-उलट्यांत हे औषध आणि मेटफॉर्मिन काही दिवस थांबवायला डॉक्टर बऱ्याचदा सांगतात. स्वतः ठरवू नका, पण जुलाब सुरू झाल्या दिवशीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर ओआरएस किती द्यायचं हे पण त्यांनाच विचारा.

सिडकोची_आई (संध्याकाळी ६:१५)

रात्री दीड ते अडीच चमच्यानं पाजलं, एकदाही उलटी नाही. सकाळी उठल्या उठल्या भरपूर लघवी केली, रंग पण फिका होता. आज दिवसात जुलाब चारच, आणि दुपारी मऊ भात, वरणाचं पाणी आणि अर्धं केळं खाल्लं. सासूबाईंना काकडी चिरून मीठ लावूनच दाखवलं, त्या वाटीकडे बघतच राहिल्या. आता प्रत्येक जुलाबानंतर त्याच फुलपात्रानं मोजून देतायत आणि कॅलेंडरवर रेघ मारून ठेवतायत. पाऊण लिटरच्या तांब्यावर नेलपेंटनं खूण करून ठेवलीय.

पंचवटीच्या_सिस्टर (संध्याकाळी ६:४०)

वा, छान. अंगावरचं दूध चालू असेल तर ते पण देत राहा, जेवण तोडू नका, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. घरातल्या सगळ्यांनी त्याचं शू-शी काढल्यावर साबणानं हात धुवा, त्याच्या मागोमाग घरात दुसऱ्याला होतं ते तिथूनच. आणि रोटाव्हायरसच्या लसीचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस झालेत का ते त्याच्या कार्डावर बघून सांगा.